मिडवेला हेलकॅट कुठून आलं?

एंटरप्राइज या अमेरिकी विमानवाहू जहाजाचं १/७०० प्रमाणातलं मॉडेल, खोक्यावर ठळक लिहिलंय मिडवे, जून १९४२, म्हणजे मिडवे बेटाजवळची जपानशी झालेली लढाई, आणि आत विमानं कुठली तर हेलकॅट! अरे हेलकॅट लढाईत उतरलं १९४३ च्या ऑगस्टमध्ये. तिथे हवीत वाइल्डकॅट, डॉन्टलेस, डेव्हास्टेटर, आणि अ‍ॅव्हेंजर तर बेटावरून उडालेली, जहाजांवर नव्हतीच. डिकॅल्सचा, म्हणजे विमानांवर चिकटवायच्या खुणांचा, वेगळाच घोळ, अमेरिकी विमानांवरच्या चांदणीतला लाल ठिपका मे १९४२ मध्येच काढलेला आणि बाजूच्या पट्ट्या आल्या १९४३ ला, तरी शीटवर पट्ट्या आहेतच. जेमतेम १६ मिलिमीटरचं विमान, कोण बघतंय म्हणतात. मी बघतो ना! त्या लढाईत डेव्हास्टेटर घेऊन गेलेली बहुतेक पोरं परत आली नाहीत, त्यांच्या जागी डेकवर भलतंच काहीतरी चिकटवायचं? बरं, योग्य विमानांचा सेट वेगळा घ्यावा तर तो कायम आउट ऑफ स्टॉक.