साधं की बिसलेरी?

लातुरात गंजगोलाईजवळ आमचा कट्टा रात्री नऊला भरतो. काल पेटला तो मास्तरांमुळं. लग्न जेवून आले होते. पंगतीत प्रत्येक ताटाशेजारी पाव लिटरची बाटली, दोन घोट पिऊन सोडलेली.

"आमच्या आज्याला सांगितलं असतं ना, पाणी विकत मिळतंय म्हणून, तर मलाच वेड्यात काढलं असतं त्यानं. वाटेवर पाणपोई असायची. पाणी विकणं पाप होतं, पाप!"

"पाप कसलं मास्तर?" मेडिकलवाला म्हणाला. "बिसलेरी मुंबईत आली १९६५ला. हसले असतील लोक. आज बाटली कुठल्याही कंपनीची असू दे, आपण बिसलेरीच म्हणतो. हॉटेलात वेटर काय विचारतो? साधं की बिसलेरी?"

माझ्या मते सगळी गोम त्या 'साधं'मध्ये आहे. पूर्वी पाणी म्हणजे नुसतं पाणी. पोऱ्या एका हातात चार पेले आणायचा, प्रत्येकात एकेक बोट बुडवून, आणि आपण मुकाट प्यायचो. आता 'साधं' म्हणताना आवाज जरा खाली येतो. माझाही येतो.

रिक्षावाला इतका वेळ गप्प होता. "हौसेनं घेतलं का ओ आपण? २०१६चा मार्च आठवा. टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं, पाण्यावरनं भांडणं होत्यात म्हणून. एप्रिलात मिरजेहून रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तवा टँकरवाल्याला पैसे मोजताना कुणाला पाप आठवलं? त्याच उन्हाळ्यात माझ्या घरात जार शिरला. पाऊस आला, मांजरा धरण भरलं, जार काय गेला नाही."

"नळाला येतं की आता."

"येतं. ते धुण्याला. पोरं तोंड लावत नाहीत."

मास्तर हटेनात. "आणि ते घरोघरचं आरओ? एक लिटर प्यायला देतं आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. दुष्काळी मुलखात!"

"आमची त्या पाण्यानं फरशी पुसती," रिक्षावाला म्हणाला. यावर मास्तरांकडं उत्तर नव्हतं. पण पटलं नाही, हे तोंडावर दिसत होतं. मला विचाराल तर मास्तरांचा राग खरा आहे, फक्त तो बाटलीवर काढण्यात अर्थ नाही. नळावरचा भरवसा आधी उडाला, बाटली नंतर आली.

तेवढ्यात रिक्षावाला उठला. कोपऱ्यावरचं पाण्याचं एटीएम बंद व्हायच्या आत जार भरायचा होता. पाच रुपयांत वीस लिटर, पण यंत्राला नाणंच लागतं. त्यानं खिसे चाचपले. "पाचचं नाणं आहे का कुणाकडं?"

मेडिकलवाल्यानं मोबाईल काढला, परत ठेवला. माझ्याकडंही नव्हतं. चहावाल्याच्या गल्ल्यातसुद्धा सापडेना, सगळे स्कॅनच करतात म्हणाला. शेवटी मास्तरांनीच कनवटीची पिशवी सोडली.

"घे," म्हणाले. "आणि वरचं पाणी सांडू नको."