खालचा डावा कोपरा

देव्हाऱ्यातला टाक जागचा हलला तर आई बोलते, पडद्यावरचं चित्र हललं तर अण्णा. आई निदान नैवेद्यापर्यंत विसरते.

हे माहीत असूनही गणपतीच्या सुट्टीत मी अण्णांच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली चढवली, त्यातही पडद्याची मांडणी केडीईची. त्यात वाटेल ते बदलता येतं, आणि बदलता येतंय म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस उठतो थोडाच? रात्री दोनपर्यंत बसलो. खालची पट्टी वर नेली, खिडकी बंद करायची फुली डावीकडे आणली, खिडकी ओढली की जेलीसारखी थुलथुलेल असंही करून ठेवलं.

सकाळी अण्णा चष्मा पुसून वही घेऊन बसले. वहीत त्यांच्या कारकुनी अक्षरात:

"१. डाव्या कोपऱ्यात खाली टिचकी. २. यादी उघडते. ३. थांबणे."

त्यांनी कोपऱ्यात टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग शिपाई ऐकत नसला की साहेब घंटी हाणतात, तशी मारली.

"बटण कुठाय?"

"वर नेलंय अण्णा. बघा, किती मोकळं वाटतं!"

"उद्या घराचं दार गच्चीवर ने. मोकळं वाटेल."

यावर काय बोलणार? १९९५ साली विंडोज ९५नं स्टार्टचं बटण त्या कोपऱ्यात बसवलं. २०१२मध्ये विंडोज ८नं ते काढलं, तर एवढी ओरड झाली की पुढच्याच वर्षी ८.१मध्ये ते गुपचूप जागेवर आलं. लिनक्सवालेही काही कमी नाहीत. २०११मध्ये केडीईचाच भाऊबंद असलेल्या ग्नोम ३नं जुनी मांडणी मोडली, तेव्हा चिडलेल्या मंडळींनी ग्नोम २च नव्या नावानं पुढे चालवलं. नाव ठेवलं 'माते'. ते अर्जेंटिनातल्या चहासारख्या पेयावरून आहे, पण अण्णांना सांगितलं तर त्यांनी हातच जोडले.

केडीईचं बटणही मुळात त्याच कोपऱ्यात असतं, मीच उचलून नेलं होतं. मुकाट्यानं पट्टी खाली आणली, फुली उजवीकडे नेली. आता थुलथुल बंद करायला माउस मागितला, तर अण्णा देईनात. एक खिडकी धरून ते हळूच हलवत होते.

"हे राहू दे," म्हणाले, आणि वही पुढे ओढून लिहिलं:

"४. खिडकी धरून हलवणे (गरज नसतानाही)."