खुलासा: एस्क्राव्होसच्या बायकांनी कपडे उतरवले नव्हते

‘नायजेरियातल्या बायकांनी विवस्त्र होऊन एका दिवसात तेलकंपनी बंद पाडली’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात खरं-खोटं मिसळलंय.

घटना जुलै २००२ची, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातली. उगबोरोडो आणि आसपासच्या गावांतल्या इत्सेकिरी जमातीच्या बायका शेवरॉनटेक्साको या अमेरिकन तेलकंपनीच्या एस्क्राव्होस टर्मिनलमध्ये (जिथून तेल जहाजांवर चढतं तिथे) शिरल्या. धावपट्टी, हेलिपॅड, धक्का अडवून बसल्या. सुमारे ७०० कामगार आत अडकले. काही बायकांच्या पाठीला तान्ही मुलं बांधलेली होती. कपडे उतरवण्याची त्यांनी फक्त धमकी दिली. आईच्या वयाच्या बाईने तसं करणं म्हणजे समोरच्याला शाप, असं तिकडे मानतात. त्यामुळे धमकीचाच धसका बसला.

ठिय्याही एका दिवसाचा नव्हता, सुमारे दहा दिवस चालला. मुलांना नोकऱ्या, वीज, पाणी, शाळा, दवाखाना एवढंच त्यांचं मागणं होतं. ज्यांच्या जमिनीतून तेल जातं, त्यांना दिव्यासाठी धरणं धरावं लागावं, हा खरा अन्याय आहे आणि नेमका तोच त्या मजकुरातून गळलाय. कंपनीने नोकऱ्यांचं आणि गावातल्या सोयींचं आश्वासन दिल्यावर बायका उठल्या. पाठोपाठ शेजारच्या इजॉ जमातीच्या बायकांनीही कंपनीची तेलकेंद्रं ताब्यात घेतली.

मात्र ऑगस्टमध्ये वॉरी शहरात शेल आणि शेवरॉनच्या कार्यालयांसमोर जमलेल्या बायकांना सुरक्षा दलांनी मारहाण केली. हेही पुढे पाठवा.