डिंक वाळेपर्यंत

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. आमच्या वसईत या दिवसांत कुणाचेच हात कोरडे नसतात. कुणाच्या हाताला गोठ्याची माती, कुणाच्या फराळाचं पीठ, कुणाच्या ताऱ्याच्या कामट्यांना लावायची खळ. त्यात यंदा धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी भर घातली : घरोघरी कागदी साखळी करायची. दिवसाला एक कडी, कडीवर एका माणसाचं नाव. रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की एक कडी तोडायची आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायची. साखळी मुलांनी करायची, असा निरोप होता. म्हणजे कोणी करायची, हे पालकांना बरोबर कळलं.

पहिला घोळ कड्या किती याचा. नाताळ कोणत्या वारी येतो त्यावर आगमनकाळ 22 ते 28 दिवसांचा होतो. 2023 साली नाताळ सोमवारी आला आणि सगळं 22 दिवसांत आटपलं. पण असली सवलत नेमकी साखळी नसते त्या वर्षी मिळते.

दिवस मोजायची ही हौस तशी जुनी. 1839 साली हॅम्बर्गजवळ गरीब मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्न नावाच्या पाळकाला पोरं 'नाताळ कधी, नाताळ कधी' म्हणून भंडावून सोडत. त्याने गाडीचं एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या : रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. आजची आगमनमाला तिथून आली म्हणतात. त्या भल्या माणसाने पालकांना सामान आणायला पिटाळल्याचं मात्र कुठे वाचलं नाही.

मी जांभळा घोटीव कागद आणायला निघालो, कारण या काळात फादरांचा मिस्सेचा झगासुद्धा जांभळा. दुकानदार जैन. त्याने मान वर न करताच सांगितलं, "जांभळा संपला. गुलाबी न्या, तिसऱ्या रविवारी लागतोच ना तुम्हाला?" तिसऱ्या रविवारी झगा गुलाबी असतो, हे धर्मशिक्षणाला नियमित जाणाऱ्या आमच्या चिरंजीवांना ठाऊक नव्हतं.

मग नावं. चिरंजीवांनी भारतीय संघाची अख्खी मधली फळी लिहून काढली, कारण 'त्यांनाच सध्या गरज आहे'. आईने गेलेल्या माणसांची यादी सुरू केली. बायको म्हणाली, "आई, मृतांचा महिना नोव्हेंबर. तो संपला."

"त्यांना कुणी कळवलंय?" आईने विचारलं आणि पुढचं नाव सांगितलं.

आता मुख्य छळ. सिस्टरांची अट होती, स्टेपलर चालणार नाही. डिंक लावून सांधा दोन बोटांत धरायचा आणि तो वाळेपर्यंत त्या माणसासाठी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायची. कल्पना मला मनापासून आवडली. खरंच, एरवी कुणाचं नाव आपण इतका वेळ बोटांत धरून बसतो? पण ही कल्पना घट्ट डिंकाच्या भरवशावर काढलेली होती आणि आमचा डिंक पाण्यासारखा पातळ निघाला. त्याला एक 'बापा' पुरेना, रोझरीचं अख्खं दशक लागायला लागलं. दहावी 'नमो मारिया' संपवून बोटं सोडावीत तर कडी टकदिशी उघडायची. बोटांना मात्र डिंक पहिल्या ओळीतच चिकटलेला. मधल्या फळीला मी इतकी प्रार्थना पुरवली की त्यांनी आता मालिका हरली तर दोष माझा नव्हे.

शेवटी आईने एक नाव सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, बांधावरून आमचं ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्या शेजाऱ्याचं.

"त्याचं कशाला?"

"मग कुणाचं? आपली माणसं काय, आपण सांगितलं नाही तरी देव बघतो."

आईचे हात थरथरतात, त्यामुळे ती कडी माझ्याच वाट्याला आली. शेजारी दोन बोटांत, ओठांवर प्रार्थना. आमचं वाईट करणाऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली आणि माझा वेग आपोआप वाढला. आमेन. टक्. कडी उघडी. पुन्हा डिंक, पुन्हा प्रार्थना, पुन्हा टक्.

"ती ओळ खातोयस तू," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग ओळ सावकाश, शब्द न् शब्द म्हटली. तरीही टक्. आई पदराला हात पुसत बाहेर आली, कडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि कपाटातून स्टेपलर काढून माझ्यासमोर ठेवला.

"सिस्टरांना मी सांगते काय ते. याच्या नावाला पिन मार."

मी दोन मारल्या.