'प्रेझेन्स' : तीस वर्षांनी पुन्हा ऐकताना

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा 'प्रेझेन्स' हा १९७६ सालचा अल्बम त्यांच्या चाहत्यांच्या तोंडीही सहसा येत नाही, आणि मीही तो जवळजवळ तीस वर्षे बाजूला ठेवला होता. गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या वडगावातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना त्याची कॅसेट हाती लागली. ती वाजण्याच्या स्थितीत नव्हती, म्हणून मोबाइलवर शोधून तो अल्बम आठवडाभर रोज रात्री ऐकला. कॉलेजात असताना मी हा अल्बम कोरडा ठरवला होता आणि तेच मत मित्रांच्याही गळी उतरवले होते. ते मत सपशेल चुकीचे होते, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आमच्या काळी बेळगावात रेकॉर्डिंग करून देणाऱ्या एका दुकानातून मी तो ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतला होता. एका बाजूला ४५ मिनिटे मावतात आणि अल्बम ४४ मिनिटांहून किंचित मोठा आहे. सुरुवातीला टेप थोडी जास्त सुटल्यामुळे शेवटचे 'टी फॉर वन' संपण्याआधीच तुटत असे. पण माझी खरी तक्रार वेगळी होती. यात कीबोर्ड अजिबात नाही, अकूस्टिक गिटारही एका गाण्यापुरती, तीही मागे कुठेतरी. चौथ्या अल्बमचा हळुवारपणा मनात धरून मी ऐकायला बसलो होतो, त्यामुळे जे नव्हते तेवढेच मला ऐकू आले.

१९७५ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावर झालेल्या मोटार अपघातात गायक रॉबर्ट प्लांट जबर जखमी झाला आणि बँडचा दौरा रद्द झाला. त्याच नोव्हेंबरात म्यूनिकच्या स्टुडिओत त्याने चाकांच्या खुर्चीत बसून ही गाणी गायली, आणि सारे काम तीन आठवड्यांच्या आत उरकले, कारण स्टुडिओच्या पुढच्या तारखा रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडच्या होत्या. हे ठाऊक झाल्यावर त्या आवाजातला ताण मला दोष वाटेनासा झाला. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीच्या कुमार गंधर्वांनी क्षयातून उठल्यावर अधू फुप्फुसानिशी जे गाणे उभे केले, ते ऐकत वाढलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा उमगावे, याची खंत वाटते.

अल्बम उघडतो तो 'अकिलीस लास्ट स्टँड'ने. दहा मिनिटांच्या या गाण्यात जॉन पॉल जोन्सचा आठ तारांचा बास आणि जॉन बॉनहॅमचे ड्रम एकदा धावू लागले की थांबतच नाहीत. या खेपेस ते ऐकताना मला आमच्या गल्लीतले यंत्रमाग आठवले. भिंतीपलीकडे चार माग एकदम सुरू झाले की फळीवरची भांडी हलत, आणि प्रत्येक मागाचा धोटा आपापल्या गतीने या टोकाहून त्या टोकाला आदळत असे; तरीही थोड्या वेळाने त्या सगळ्यांतून एकच लय कानात बसे आणि तिच्यावर आम्ही अभ्यास करत असू. बॉनहॅमची लय तशीच आहे. तिच्यावर जिमी पेजने गिटारचे थरावर थर चढवले आहेत, आणि प्रत्येक थर वेगळा ऐकू येतो. आमच्या त्या कॅसेटवर हे सगळे एकमेकांत मिसळून गेले होते.

'कँडी स्टोअर रॉक' आजही मला फिके वाटते. 'फॉर युवर लाइफ' मात्र आता विशेष आवडते. हे गाणे त्यांनी रंगमंचावर पहिल्यांदा वाजवले ते थेट डिसेंबर २००७ मध्ये, लंडनच्या कार्यक्रमात.

राहिले 'टी फॉर वन'. एका तडफदार तुकड्याने ते सुरू होते आणि काही सेकंदांतच गती एकदम उतरून त्याचे संथ, एकाकी ब्लूज होते. वेळ सरत नाही असे सांगणारे हे गाणे नऊ मिनिटांहून अधिक चालते, आणि गिटारच्या दोन सुरांमध्ये जी रिकामी जागा सोडली आहे, तिच्यासाठी तेवढा अवधी लागतोच. पहिल्या रात्री, पूर्वी जिथे कॅसेट तुटायची ती जागा आली तेव्हा माझा हात सवयीने बटणाकडे गेला, आणि गाणे पुढे चालूच राहिले.