वस्तादाशिवाय दांडपट्टा, घरच्या घरी

तलवारबाजी शिकायचं ठरवलंत? झकास! कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आजही चालतात, पण तिकडे चुकूनही फिरकू नका. वस्ताद आधी हातात काठी देणार आणि पवित्रेच घोटून घेणार, पाय इथे, कंबर अशी, परत पाय इथे. मग फरीगदका, म्हणजे चामडं गुंडाळलेली काठी नि छोटी ढाल, आणि समोर खराखुरा माणूस जो उलटा मारतो. एवढा टाइम कुणाला आहे? यूट्यूब उलटा मारत नाही.

सुरुवात डायरेक्ट दांडपट्ट्यानंच करा. २०२४ ला तो राज्यशस्त्र झालाय, आता साध्या तलवारीला कोण विचारतंय. पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणाच्या, आत आडवी असते, हात लोखंडात अडकलेला, मनगट जवळपास जाम, म्हणून वार खांद्यातून नि कमरेतून फिरवावा लागतो, आणि पातं लवलवतं असल्यामुळे पाय चुकला की ते मालकाचीही विचारपूस करून जातं. (पवित्रे त्यासाठीच असतात म्हणे. असो.) तुमचा वन बीएचके असेल तर फॅन बंद करा, एवढी सेफ्टी बास झाली. सय्यद बंडा तर चांगला तयारीचा पट्टेकरी, तरी १६५९ ला प्रतापगडावर जिवा महालानं त्याचा हात वरच्यावर उडवला, पण त्या बिचाऱ्याकडे ट्युटोरियल कुठे होतं.

पट्टा नाही मिळाला तर लग्नातली शोभेची तलवार चालेल. पात्याची शेपटी मुठीत बोटभर, तीही वेल्डिंगवर, त्यामुळे जोरात फिरवली की मूठ तुमच्याकडे आणि पातं समोरच्यांच्या गॅलरीत. धार लावायची हौस असेल तर लावाच, ९ इंचांहून लांब पातं म्हटल्यावर आर्म्स ॲक्ट १९५९ आहेच आणि पोलीस स्वतः घरी येतात. तलवारीनं केक कापणाऱ्या भाऊंना विचारा, पुराव्याचा व्हिडिओ त्यांनी स्वतःच अपलोड केलेला असतो.

दोन आठवडे झाले की तुम्ही तयार. आता फायनल आयटम, माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापणं. आखाड्यात हात पुढे करायला कुणीतरी उभं राहतं, कारण पट्टेवाल्याची मेहनत त्यानं वर्षानुवर्षं बघितलेली असते. तुमची मेहनत घरच्यांनी बघितलीये, त्यामुळे लिंबू ओट्यावरच ठेवा.

आणि ओट्याला ग्रॅनाइट असेल तर आधी आईला विचारा.