भुलीत मेंदू ‘बंद’ पडतो का?

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी कोथरूडच्या एका रुग्णालयात आलेल्या काकूंनी खड्यांविषयी अवाक्षरही न काढता मोबाइलच माझ्यापुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या त्या संदेशात चार विधाने होती : पूर्ण भूल म्हणजे गाढ झोप; तीत मेंदू बंद पडतो; त्यामुळे दर वेळी स्मरणशक्ती कायमची घटते, म्हणून कमरेतलीच भूल मागावी; आणि भूलतज्ज्ञ एक इंजेक्शन टोचून निघून जातो.

पहिल्या विधानाचे पाप थोडे आम्हा भूलतज्ज्ञांच्याच माथी आहे, कारण ‘आता छान झोप लागेल’ असे टेबलावर आम्हीच सांगतो. झोपेला सुमारे 90 मिनिटांची आवर्तने असतात, त्यांत स्वप्नांचा टप्पा येतो-जातो, आणि चिमटा काढला की माणूस उठून बसतो. पूर्ण भुलीत ही आवर्तने नसतात आणि औषधाची पुरेशी मात्रा रक्तात आहे तोवर पोटावर चीर दिली तरी जाग येत नाही.

दुसरे विधान सर्वांत खरे वाटणारे आणि सर्वांत चुकीचे आहे. प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध शिरेत जाताना हाताला झोंबते आणि मिनिटभराच्या आत शुद्ध हरपते. मेंदूतील ‘गाबा’ या रसायनाचे काम चेतापेशींना आवरण्याचे. प्रोपोफॉल त्याच्याच रिसेप्टरला (पेशीवरच्या ग्राहक-रेणूला) चिकटून त्याचा जोर वाढवते, क्लोराइडचे आयन (विद्युतभारित कण) पेशीत अधिक शिरतात आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. तरीही मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख सपाट होत नाही. जागेपणीच्या बारीक, वेगवान लाटांच्या जागी कपाळाकडच्या भागात सेकंदाला 8 ते 12 आवर्तनांची ठळक लय दिसते आणि तिच्या जोडीला, सेकंदाला एकाहूनही कमी आवर्तने असलेली संथ लाट चालू असते. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात सगळी पथके एकाच ठेक्यावर वाजवत असताना शेजारच्याशी बोलून पाहावे. आवाजाला तोटा नसतो, पण निरोप पोहोचत नाही. भुलीतही आवाज मेंदूच्या श्रवणकेंद्रापर्यंत जाऊ शकतो, पण थॅलॅमस हे मेंदूच्या आतले संदेश पुढे धाडणारे केंद्र आणि मेंदूचे निरनिराळे भाग यांच्यातील देवाणघेवाण विस्कळीत झाल्याने त्याची जाणीव होत नाही. केटामिन हे भुलीचे दुसरे औषध तर मुख्यतः एनएमडीए या दुसऱ्याच रिसेप्टरला अडवते, आणि त्याच्या प्रभावाखाली आलेखात वेगवान लाटा वाढतात. ‘बंद’ हा शब्द तिथे मुळीच लागू पडत नाही.

तिसऱ्या विधानात तथ्याचा एक कण आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, साठी ओलांडलेल्या रुग्णांच्या 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात आठवड्यानंतर सुमारे 26 टक्के, तर तीन महिन्यांनंतर सुमारे 10 टक्के जणांच्या स्मृती-एकाग्रतेत घट आढळली होती. परंतु त्याच संशोधकांच्या गटाने पुढे पूर्ण भूल आणि कमरेतल्यासारखी भागापुरती भूल यांची तुलना केली, तेव्हा तीन महिन्यांनंतर दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे संशय एकट्या भुलीच्या औषधावर ठेवता येत नाही. शस्त्रक्रियेने शरीरात उठणारा दाह, वेदना, मोडलेली झोप आणि मुळातले वय यांचाही विचार करावा लागतो. शिवाय पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वायूने पोट फुगवावे लागत असल्याने तिथे सहसा पूर्ण भूलच सोयीची असते.

चौथ्या विधानाला उत्तर देण्यासाठी काकूंना मी शेवटच्या पाच मिनिटांचे वर्णन करून सांगितले. टाके पडत असताना भूलतज्ज्ञ डोक्याशीच असतो. श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख पाहत, भुलीचा वायू कमी करत. स्नायू शिथिल करणारे औषध उतरले का, हे पाहण्यासाठी मनगटाला विजेचे चार बारीक झटके दिले जातात आणि अंगठा चारही वेळा सारख्याच जोराने हलतो का, ते मोजले जाते. तो तसा हलला आणि श्वास स्वतःचा स्वतः चालू लागला, की मग कानाशी वाकून म्हणायचे, ‘काकू, डोळे उघडा, झालं ऑपरेशन.’